दहावीपुरत्या संस्कृतावर एका आधुनिक संस्कृत कवीबद्दल अर्धा तास कसं बोलायचं

श्रावण तोंडावर आला की फोन सुरू होतात. संस्कृत दिन श्रावणी पौर्णिमेला, आणि बरोबर आठ दिवस आधी कुठल्यातरी शाळेला नाहीतर वाचनालयाला आठवतं की अरे वक्ता राहिलाच. "या की ओ, अर्धा तास बोला, फक्त कालिदास नको, गेल्या वर्षी झालाय." आता मी काय शास्त्री नव्हे. मार्क पडतात म्हणून दहावीपर्यंत संस्कृत घेतलेलं, पुढं कॉमर्स, आणि दिवसभर हिशेब बघणारा माणूस. पण आवड सुटली नाही म्हणून हे करत बसतो. यंदा भाची बोलणार आहे, नववीत आहे, तिला जे समजावून सांगत होतो तेच म्हटलं इथं टाइप करून ठेवावं, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडंल.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा बोलायला गेलो तेव्हा डॉ. श्रीधर भास्कर वर्णेकर हा विषय घेतला होता. तयारी म्हणजे काय, तर नेटवरनं जन्म, शिक्षण, पुरस्कार, पुस्तकांची यादी कागदावर उतरवली आणि माइकसमोर वाचली, बारा मिनिटांत खेळ खलास. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "छान झालं. पण यातलं तुम्ही काय वाचलंय?" मी म्हटलं, परिचय वाचलाय. "मग त्यांची एक ओळ तरी म्हणून दाखवा की." मला येईना. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे शाळेत प्रार्थनेला आम्ही 'लोकहितं मम करणीयम्' वर्षानुवर्षं म्हणायचो, ते गीत याच माणसाचं आहे हे मला घरी येऊन कळलं. सुभाषितासारखं कुठलंतरी जुनं असेल असंच मी धरून चाललो होतो.

तर तयारी उलट्या टोकानं सुरू करायची. आधी त्यांची एक ओळ पक्की करायची आणि चरित्र तिच्याभोवती आणायचं.

कवी कुठला निवडायचा? आपल्या कोल्हापूरच्या मातीतला म्हणाल तर अप्पाशास्त्री राशिवडेकर, राधानगरी तालुक्यातल्या राशिवड्याचे, जन्म १८७३, गेले १९१३ ला, म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य. त्यात या माणसानं 'संस्कृतचन्द्रिका' मासिक चालवलं, जे मुळात कलकत्त्याला निघालं होतं, शिवाय १९०६ पासून 'सूनृतवादिनी' नावाचं साप्ताहिक काढलं. संस्कृतात साप्ताहिक! कविता, बंकिमबाबूंच्या कादंबरीचं भाषांतर, 'अधर्मविपाकम्' नावाचं नाटक, टिळकांच्या तुरुंगवासावर कविता, पिंजऱ्यातल्या पोपटावर कविता, आणि तो पोपट म्हणजे कोण हे त्या काळात कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. पण अडचण अशी की त्यांचं बरंचसं लेखन जुन्या अंकांतनं विखुरलेलं, नवख्याला हाताशी लागणं अवघड. म्हणून पहिल्यांदा बोलणाऱ्याला मी सांगतो, सुरुवातीची दोन मिनिटं अप्पाशास्त्रींवर घ्या, कोल्हापूरचे लोक लगेच सरसावून बसतात, आणि मुख्य विषय वर्णेकर घ्या. ते नागपूरचे, पण लिहिलंय शिवाजी महाराजांवर, गाणं सगळ्यांच्या तोंडात आहे आणि नाटकंही आहेत, म्हणजे कवी आणि नाटककार दोन्ही बाजू एकाच माणसात मिळतात.

तारखा किती सांगायच्या याबद्दल माझा नियम कडक आहे, पाचाच्या वर नाही. वर्णेकरांचा जन्म ३१ जुलै १९१८. नागपूर विद्यापीठात संस्कृत विभागाचे प्रमुख. १९७४ ला 'श्रीशिवराज्योदयम्' महाकाव्याला साहित्य अकादमी पुरस्कार, आणि १९७४ का लक्षात ठेवायचं तर राज्याभिषेक १६७४ चा, बरोबर तीनशे वर्षं. १९८८ ला 'संस्कृत वाङ्मय कोश'. निधन एप्रिल २००० मध्ये. बास. बाकीचे सन्मान, पदव्या, समित्या कुणी विचारलं तर सांगा. विचारत कुणी नाही. आणि नेटवर दोन ठिकाणी दोन वेगळी सालं दिसली तर ते साल गाळूनच टाका, साल गाळलं म्हणून भाषण पडत नाही, पण चुकीचं साल सांगितलं की मागच्या रांगेत एक आजोबा असतातच.

आता मुख्य काम. एक ओळ घ्या आणि ती पूर्ण उघडा. मी 'लोकहितं मम करणीयम्' हीच घेतो कारण श्रोत्यांना ती आधीच येत असते. करणीयम् म्हणजे करायला हवं असं, करण्याजोगं. धातू कृ, त्याला अनीयर् प्रत्यय. इथं पोरं जांभया द्यायला लागतात, तेव्हा विचारायचं की बाबांनो दसरा चौकातनं येताना फ्लेक्स बघितला का? वाढदिवसाच्या बोर्डावर काय लिहिलेलं असतं? माननीय, आदरणीय, वंदनीय. हाच तो प्रत्यय. ज्याला मान द्यायला पाहिजे तो माननीय, आता देण्यासारखा आहे का नाही ते बोर्ड लावणाऱ्याला विचारा. एवढं म्हटलं की हॉल हसतो आणि अनीयर् आयुष्यभर लक्षात राहतो. त्या गीतात स्मरणीयम्, वदनीयम्, शयनीयम्, जागरणीयम्, तरणीयम् अशी रांगच लागलीय, सगळं गाणंच 'मला काय केलं पाहिजे' यावर उभं आहे, म्हणून एक प्रत्यय कळला की अर्धं गाणं कळलं.

याच्या पुढची गंमत मला फार उशिरा दिसली. 'मम करणीयम्' मधलं मम म्हणजे 'माझं', षष्ठी. पण शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की असल्या प्रयोगात कर्ता तृतीयेत, 'मया करणीयम्', माझ्याकडून केलं जावं. मग कवी चुकला का? नाही. पाणिनीचं सूत्रच आहे, 'कृत्यानां कर्तरि वा', म्हणजे असले प्रत्यय असताना कर्त्याला षष्ठी विकल्पानं चालते. आणि बघा, त्याच गीताच्या शेवटच्या कडव्यात 'तत्र मया सञ्चरणीयम्' असं येतं, तिथं तृतीया! एकाच गाण्यात दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवलीत. मुद्दाम ठेवली का छंदात बसली म्हणून ठेवली हे मी सांगू शकत नाही, पण वर्गात दाखवायला याच्यापेक्षा सोपं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, मग परीक्षेत मम लिहिलं तर मार्क कापतील?" म्हटलं तू मयाच लिही बाई.

मग म्हणून बघायचं. मोठ्यानं. गाण्याची ही ओळ चौदा मात्रांची आहे (मात्रा म्हणजे उच्चाराची लांबी, ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन), बोटावर मोजा: लो दोन, क एक, हि एक, तं दोन, म म दोन, क र दोन, णी दोन, यम् दोन. झाले चौदा. आता आपलं मराठी तोंड काय करतं, 'लोकहितं' ला 'लोक्‌हितं' म्हणतं, क चा अ खाऊन टाकतं, कारण मराठीत आपण लोक ला लोक्‌च म्हणतो. मात्रा तेरा होतात आणि ओळ लंगडी पडते, मग गाणारा कुठंतरी सूर ओढून भरपाई करतो. संस्कृतात प्रत्येक अ पुरा म्हणायचा, लो-क-हि-तं. आणि शेवटी म् आहे, ओठ मिटायचे, 'करणीयम' असं उघडं सोडायचं नाही. उच्चारात एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या तरी तुम्ही निम्म्या वक्त्यांच्या पुढं गेलात. ज्ञ मराठी पद्धतीनं म्हटला तर काही बिघडत नाही, त्यावरनं वाद घालणारे लोक असतात, त्यांना चहा द्या.

वृत्तांची भीती घालवायची तर पुस्तकातनं यमाताराजभानसलगं हे गण लक्षात ठेवायचं सूत्र पाठ करत बसू नका, ते नंतर. आधी कानानं ओळखा. मनाचे श्लोक येतात ना? 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा', हे भुजंगप्रयात, बारा अक्षरं. लग्नात मंगलाष्टकं ऐकली ना? 'स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं', इथं भटजी जो श्वास घेतात तो बारा अक्षरांनंतरचा यती, पुढं सात अक्षरं, मिळून एकोणीस, हे शार्दूलविक्रीडित. कार्यालयात अक्षता हातात धरून आपण शंभर वेळा ऐकलेलं असतं आणि नाव माहीत नसतं. मग संस्कृत महाकाव्याचं कुठलंही पान उघडा आणि ती चाल लावून बघा, लागली तर शार्दूलविक्रीडित, नाही लागली तर मनाचे श्लोक लावून बघा, तेही नाही तर आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे पडतायत का बघा, म्हणजे गीतेसारखा अनुष्टुभ्. तरीही जमेना तर सोडून द्या आणि पुढचा श्लोक घ्या.

आता महाकाव्य. श्रीशिवराज्योदयम् अडुसष्ट सर्गांचं, म्हणजे अध्यायांचं आहे. हा आकडा नुसता सांगून उपयोग नाही, मोजमाप द्यायला लागतं. रघुवंश एकोणीस सर्ग, किरातार्जुनीय अठरा, शिशुपालवध वीस. आणि साहित्यदर्पण या काव्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथाचे कर्ते म्हणतात आठाच्या वर सर्ग असले की झालं. त्यापुढं अडुसष्ट. हे ऐकलं की लोकांना कळतं माणसानं काय डोंगर उचलला होता. नावाचीही फोड करून दाखवा, शिव राज्य उदय, अ आणि उ मिळून ओ, राज्योदय. म्हणजे नावातच उगवतंय ते राज्य, राजा एकटा नाही. हे माझं वाचन, पटलं तर घ्या.

एवढं मोठं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर तिसऱ्या सर्गात झोप. मी केलंय, माहीत आहे. त्याऐवजी अनुक्रमणिका उघडा आणि जी गोष्ट लहानपणापासून ऐकलीय तो प्रसंग शोधा. अफजलखान, पन्हाळ्याचा वेढा, राज्याभिषेक, काहीही. गोष्ट माहीत असली की अर्धं संस्कृत आपोआप लागतं, कारण पुढं काय येणार ते डोक्यात असतं आणि मग फक्त शब्द ओळखायचे राहतात. त्यातले दोनच श्लोक घ्या. एका वहीत श्लोक लिहा, खाली संधी सोडवून पदं लिहा, खाली प्रत्येक शब्दाची विभक्ती, सगळ्यात खाली साध्या मराठीत अर्थ, आपण घरात बोलतो तसा. दोन श्लोकांना मला एक अख्खा रविवार लागतो, तुम्हालाही लागू दे.

शब्द अडला की आपट्यांचा संस्कृत कोश. आणि हा कोश उघडताना कोल्हापूरकरांनी जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही, वामन शिवराम आपटे सावंतवाडी संस्थानातले पण शिकले आपल्या राजाराम हायस्कूलमध्ये. १८९० ला तो मोठा कोश आला आणि १८९२ ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेलेसुद्धा. कोशात शब्द सापडत नाही असं वाटलं तर बहुतेक वेळा उपसर्ग आपण सोडवलेला नसतो, किंवा दोन शब्द चिकटलेले असतात, कोश चुकलेला नसतो.

इथं एक जोड देता आली तर भाषणाला वजन येतं. शिवाजी महाराजांवर संस्कृतात लिहिणारे वर्णेकर पहिले नव्हेत. महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदानं 'शिवभारत' लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं. आणि जयराम पिंड्येनं 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' लिहिलं, हा पर्णालपर्वत म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला पन्हाळा, १६७३ ला कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी घेतला तो. रविवारी भजी खायला आपण जिथं गाडी काढतो त्या गडाच्या नावानं एक अख्खं संस्कृत काव्य आहे, हे हॉलमध्ये सांगून बघा एकदा. मग म्हणायचं की तीनशे वर्षांनी नागपुरात एका प्राध्यापकानं तीच वाट पुढं नेली. असं जोडलं की वर्णेकर मधेच आकाशातनं पडल्यासारखे वाटत नाहीत.

नाटकाकडं या. त्यांची 'विवेकानन्दविजयम्' आणि 'शिवराज्याभिषेकम्' ही नाटकं, शिवाय रामावर आणि कृष्णावर संगीतिका. नाटकाबद्दल नुसतं बोलू नका, वाचून दाखवा. दोन पोरं उभी करा, दोन पात्रांचा छोटा प्रवेश घ्या, चार मिनिटांच्या वर नाही, आणि वाचायच्या आधी प्रसंग मराठीत सांगून टाका. लोकांना वाटतं आधी संस्कृत ऐकवावं मग अर्थ सांगावा, नेमकं उलटं करायचं, अर्थ माहीत असला की कान शब्द पकडतात. विवेकानंदांचं नाटक घेतलं तर आपल्याकडं दुवा तयारच आहे, १८९२ मध्ये बेळगावला जायच्या आधी स्वामीजी कोल्हापुरात येऊन गेले होते, शिकागोच्या भाषणाच्या आदल्या वर्षी.

ऐकणाऱ्यांना संस्कृत नाटकाचा सांगाडा एका मिनिटात सांगता येतो. सुरुवातीला नांदी, मग सूत्रधार येऊन प्रस्तावना करतो, शेवटी भरतवाक्य म्हणजे सगळ्यांचं भलं होवो अशी प्रार्थना. आपल्या संगीत नाटकानं नांदी आणि सूत्रधार तिथूनच उचलले, आणि कोल्हापूरला नांदी समजावून सांगायला लागत नाही. जुन्या नाटकांत राजा, ब्राह्मण संस्कृत बोलायचे आणि बहुतेक बायका, नोकरचाकर प्राकृत. आजचे नाटककार सहसा सगळ्यांना संस्कृतच देतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे, पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्यात एक रंग गेला, सगळी पात्रं एकाच इस्त्रीची वाटायला लागतात. हे मत भाषणात मांडायला घाबरू नका, नुसती आरती ओवाळली की कुणी ऐकत नाही. मला स्वतःला महाकाव्यापेक्षा त्यांची गीतं जास्त आवडतात हेही मी सांगतो, 'तीर्थभारतम्' मधली सुद्धा.

अजून एक सांगण्यासारखं, याच कवीनं नेहरूंवर 'जवाहरतरङ्गिणी' लिहिली आणि सावरकरांवर 'विनायकवैजयन्ती'. ही दोन्ही नावं एका दमात घ्या, मधे थांबू नका. थांबलात की हॉलमधलं कुणीतरी सुरू होतं आणि तुमची पंधरा मिनिटं गेली.

पुस्तकं कुठं बघायची? करवीर नगर वाचन मंदिर, १८५० पासूनचं आहे, तिथं आधी विचारा, नाहीतर शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय. शोधताना एक गोची होते, श्रीशिवराज्योदयम् हे 'शि' खाली शोधलं जातं आणि असतं 'श्री' खाली, त्यामुळं पुस्तक नाही असं उत्तर मिळालं की लेखकाच्या नावानं पुन्हा विचारा. आणि पहिल्यांदा मागायचं ते त्यांचं मराठीतलं 'अर्वाचीन संस्कृत साहित्य'. त्यात अलीकडच्या काळात संस्कृतात कुणी काय लिहिलं ते सगळं मराठीतनं मिळतं, पंडिता क्षमाबाई राव कोण, सत्याग्रहावरचं त्यांचं काव्य १९३२ ला थेट पॅरिसमधनं कसं छापून आलं, असल्या गोष्टी त्यातनं पुढं पुढं लागत जातात. वाङ्मय कोश हिंदीत आहे, तो घरी न्यायला देत नाहीत बहुतेक ठिकाणी, वही घेऊन जावा.

एक प्रश्न हमखास येणार, "हे आता वाचतंय कोण?" चिडू नका. वर्णेकरांनी नागपुरातनं 'संस्कृतभवितव्यम्' हे साप्ताहिक संपादित केलं, अप्पाशास्त्रींनी त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे साप्ताहिक दर आठवड्याला घेणारं कुणीतरी होतंच की. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेत संस्कृत नाटकांचा वेगळा विभाग असतो, पोरं पाठ करून उभी राहतात. एवढं सांगायचं आणि मग विचारणाऱ्यालाच म्हणायचं, तुम्ही शाळेत म्हटलेलं ते गाणं म्हणा की एकदा. निम्मा हॉल म्हणतो. मी तीन ठिकाणी करून बघितलंय, तिन्ही ठिकाणी म्हटलं.

वेळेचं गणित असं ठेवा: दोन मिनिटं राशिवडे, पाच मिनिटं चरित्र, दहा मिनिटं ती एक ओळ आणि म्हणून बघणं, सात-आठ मिनिटं महाकाव्य आणि पन्हाळा, चार मिनिटं नाट्यप्रवेश. प्रास्ताविक करणारे तुमची दहा मिनिटं खाणार हे धरून चाला, आणि तसं झालं तर चरित्र कापा, ओळ कापू नका.

भाचीचं भाषण पौर्णिमेला आहे. काल रात्री जेवताना लो-क-हि-तं म्हणत बोटं मोजत होती, आई म्हणाली आधी घास संपव. तिला एवढंच सांगितलंय की कागद नेऊ नकोस, वही ने, ती फोड केलेली, आणि कुणी टोपीवाले आजोबा उठलेच तर त्यांच्या हातात दे.